पंचनाम्याच्या आधी

कापडाच्या दुकानातून कधीतरी मिळालेली प्लास्टिकची पिशवी. तोंडाला गाठ मारलेली, पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवलेली. कमावता माणूस गेलेल्या घरात जाऊन बसलं, चहा झाला, की घरातली बाई आत जाते आणि ही पिशवी घेऊन येते. गाठ सोडते आणि एकेक कागद सतरंजीवर मांडते. मृत्यूचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, आधारकार्डं, सातबारा, बँकेची नोटीस, लेकरांचे बोनाफाईड, पासबुक, पासपोर्ट फोटो. वाचता येत नसलं तरी कुठला कागद कुणाचा हे तिला पाठ असतं. हा तलाठ्याचा, हा ग्रामसेवकाचा, हा मास्तरचा. परभणी जिल्ह्यात जिंतूरच्या डोंगराळ भागापासून पालम-सोनपेठच्या टोकाच्या गावांपर्यंत कुठंही जा, अडचणीतल्या घराची ओळख या पिशवीतून होते.

पिशवीतला प्रत्येक कागद वेगळ्या दाराचा असतो. माणूस गेल्यापासून एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करायची, तेव्हा मृत्यूचा दाखला मिळतो. तो घेऊन वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जायचं. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नावं चढतात, मग नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो, हरकतीची नोटीस निघते, मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात आणि मग कुठं सातबाऱ्यावर तिचं नि लेकरांचं नाव लागतं. (तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं ठरलं आहे, गावाच्या तोंडी अजून तलाठीच आहे.) संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलला. ही योजना १९८० पासूनची, आता महिन्याला १,५०० रुपये देणारी. तिच्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, ही अट कित्येक वर्षं तशीच राहिली. दिवसाला साठ रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यात कुठलं घर चालतं? तेव्हा दाखल्यावरचा आकडा आणि चुलीवरचा हिशेब यांची गाठ कधी पडत नाही, आणि खरोखर गरजू असलेली बाई दाखला काढताना घाबरून जाते. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात, पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं आणि गेलेला कमावता माणूस १८ ते ५९ वयाचा हवा.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव असलेली ही योजना मला या सगळ्यांत मोलाची वाटते, कारण मूल आश्रमात न पाठवता घरातच, आईजवळ किंवा आजीजवळ वाढावं म्हणून ती पैसे देते. पूर्वी मुलामागं महिन्याला १,१०० रुपये होते, २०२३ मध्ये ते २,२५० झाले. मात्र हिचं दार तहसीलला नाही. अर्ज परभणीला, महिला व बालविकास खात्याच्या जिल्हा कार्यालयाकडे जातो, घरी येऊन चौकशी होते आणि आदेश बालकल्याण समिती काढते. अर्जासोबत एक फोटो लागतो, घरासमोर उभ्या असलेल्या पालकाचा आणि मुलाचा, पोस्टकार्डाएवढा. हा फोटो काढतानाची धांदल बघण्यासारखी असते. आई लेकराला न्हाऊ घालते, तेल लावून भांग पाडते, शाळेचा गणवेश घालते. मागची पडकी भिंत दिसू नये म्हणून दोघं बाजूच्या चांगल्या घरासमोर जाऊन उभी राहू लागतात. मग कुणीतरी जाणत्यानं सांगावं लागतं की माय, तुझ्याच घरासमोर उभी राहा, भिंत दिसू दे.

ते सांगणारं माणूस कोण, हाच या लेखाचा विषय आहे.

गंगाखेडहून किंवा जिंतूरहून परभणी चाळीसेक किलोमीटर आहे. मार्च २०२३ पासून बायांना एस.टी.चं अर्धं तिकीट झालं हे खरंच मोठं काम झालं, पण बुडालेली मजुरी अर्धी होत नाही. एका कागदावर एक शिक्का कमी निघाला की दुसरा दिवस गेला. घरावरचं संकट एकच असतं, खाती मात्र त्याचे तुकडे करून वाटून घेतात: जमिनीचं महसूलकडे, लेकरांचं महिला-बालविकासकडे, आजाराचं आरोग्यकडे, कर्जाचं बँकेकडे. हे तुकडे पुन्हा एका घरात आणून जोडायचे तर बरोबर चालणारं माणूस लागतं. योजना पुष्कळ आहेत. कमी पडते ती सोबत.

परभणीचा हा भाग तसा काळ्या कसदार जमिनीचा. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांच्या काठचा. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी काही गावांना मिळतं, बाकीच्यांचं सोयाबीन, कापूस, तूर पावसाच्या भरवशावर. पाऊस रुसला तर पीक जातं, काढणीच्या वेळेला बरसला तरी जातं, आणि दोन्हींतून वाचलं तर मोंढ्यात भाव पडलेला असतो. इथं १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, मेहनती शेतकरी आहेत, आणि तरीही मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांप्रमाणे इथली शेतकरी घरं वर्षानुवर्षं कोलमडत आली आहेत.

शेतकऱ्याच्या घरात आत्महत्या झाली की सरकारची यंत्रणा हलते. पोलिसांचा पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, तहसीलदारांचा अहवाल जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. त्यांतले ३०,००० हातात, ७०,००० ठेवीत. ही रक्कम २००६ च्या सुमारास ठरली, आणि दोन दशकांनंतरही तेवढीच ऐकू येते. पात्रतेच्या अटी मुख्यतः कर्जाभोवती फिरतात. बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज हवं, ते फेडता आलेलं नसावं आणि वसुलीचा तगादा असावा. शिवाय जमीन त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर हवी. आता गावातलं कर्ज कसं असतं ते बघा. दुकानदाराकडून उधारीवर बी-खत, पाव्हण्याकडून हातउसने, बिनपरवान्याच्या सावकाराचे महिन्याला शेकडा तीन-चार रुपयांचे, आणि बायकोच्या नावावर गटाचं लोन, ज्याचा हप्ता दर आठवड्याला दारात येऊन बसतो. यांतलं काहीच कागदावर नसतं किंवा त्याच्या नावावर नसतं. घर बुडालेलं असतं आणि प्रकरण अपात्र होतं. ‘अपात्र’ हा शब्द त्या बाईला पोस्टानं आलेल्या कागदावर वाचून दाखवावा लागतो, आणि तिला वाटतं की आपल्या नवऱ्याला कुणीतरी खोटं ठरवलं.

महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, या संघटनेनं २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या ११ जिल्ह्यांत अशा घरांतल्या ५०५ बायांशी बोलून एक अभ्यास केला. नवरा जी जमीन कसत होता तिच्यावर ४० टक्के बायांचा हक्क तोवर लागलेला नव्हता. राहतं घर नावावर झालेल्या जेमतेम ३५ टक्के. आपल्याला निराधार अनुदान मिळू शकतं हेच जवळपास एक तृतीयांश जणींना ठाऊक नव्हतं. या आवाजामुळे जून २०१९ मध्ये सरकारनं अशा बायांसाठी वेगळा शासन निर्णय काढला. पण मूळ अडचण कागदाच्या आधीची आहे. जमीन सासऱ्याच्या नावावर आणि सासरा हयात, तर वारसनोंद करायची कशाची? दीर म्हणतो, ‘वहिनी, तुमचं काय खाण्यापिण्याचं बघू की आम्ही.’ हे वाक्य वाईट हेतूनंच म्हटलेलं असतं असं नाही. पण त्या वाक्यावर बँक पीककर्ज देत नाही.

हे सगळं पंचनाम्याच्या नंतरचं झालं. मला सांगायचं आहे ते आधीच्या महिन्यांबद्दल.

घर एका दिवसात कोसळत नाही. माणूस आधी पारावर बसायचं सोडतो. जेवण कमी होतं. रात्री उठून अंगणात फेऱ्या मारतो. लग्नकार्याला जायचं टाळतो, कारण तिथं देणेकरी भेटतो. बायकोला हे दिसतं, पण ती ‘टेन्शन घेतलंय’ एवढंच म्हणते, आणि टेन्शन घेणाऱ्याला दवाखान्यात न्यायचं असतं हे कुणी तिला सांगितलेलं नसतं. २०१५ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागानं मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. परभणी त्यात होती. त्याची रीत साधी होती. गावातल्या आशाताईनं घरोघर जायचं आणि ठरलेले प्रश्न विचारायचे: झोप लागते का, भूक लागते का, कामात मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का. उत्तरांवरून त्रास सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरवायचं. सौम्य असेल तर बोलत राहायचं, त्यापुढं गेला तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरकडे, आणि गरज पडली तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. सोबतीला १०४ हा फोन नंबर होता. ऑक्टोबर २०२२ पासून देशभर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

कागदी प्रश्नांनी काय होणार, असं वाटू शकतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पानं याच्याच जवळचा प्रयोग केला होता. गावपातळीवरच्या साध्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल गावात उघड बोलायला सुरुवात केली, घरी जाऊन समुपदेशन केलं आणि डॉक्टरपर्यंत वाट करून दिली. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीला नैराश्यानं त्रासलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण कुठल्या ना कुठल्या मदतीपर्यंत पोचत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. झिंबाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून हेच काम वस्तीतल्या आज्ज्यांना शिकवलं. दवाखान्याच्या आवारात एका बाकावर आजी बसते आणि येणाऱ्याचं ऐकून घेते. आपल्याकडे बाकाची गरज नाही, आपल्या आज्ज्या ओट्यावर बसलेल्याच असतात. पण ऐकून घेणं ही शिकायची गोष्ट आहे. ‘धीर धर’, ‘देव बघतोय’, ‘लेकरांकडं बघ’ हे आपण सगळेच म्हणतो, आणि समोरचा माणूस तिथंच बोलायचा थांबतो. प्रशिक्षण घेतलेली ताई धीर द्यायच्या आधी विचारते, ‘दादा, कधीपासून झोप नाही?’

मात्र सगळं आशाताईच्या खांद्यावर टाकून मोकळं होणं बरोबर नाही. गरोदर बाईची नोंद तिच्याकडे, लसीकरण तिच्याकडे, क्षयरोगाच्या गोळ्या तिच्याकडे, सर्वेक्षण आलं की तेही तिच्याकडे. आणि मोबदला बराचसा कामागणिक. गावाचं दुःख ऐकून ती घरी जाते तेव्हा तिचं ऐकायला कुणी नसतं. तिची हक्काची रजा, तिचा वेळेवर मोबदला हासुद्धा अडचणीतल्या घरांच्या मदतीचाच भाग आहे असं मी मानतो.

गावात दुसरी एक ताकद आहे, ती बचतगटांची. महिला आर्थिक विकास महामंडळ, ज्याला सगळे माविम म्हणतात, २४ फेब्रुवारी १९७५ ला स्थापन झालं. २०११ पासून ‘उमेद’ अभियान आलं. दहा-बारा बायांचा एक गट, गावातल्या गटांचा मिळून ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ. गटाचं बचत आणि कर्जाचं काम सगळ्यांना माहीत असतं. ग्रामसंघाकडे आणखी एक निधी असतो, त्याचं कागदावरचं नाव जड आहे: जोखीम प्रवणता निधी. अर्थ सरळ आहे. घरात अचानक दुखणं आलं, मरण आलं, धान्य संपलं, तर त्या घराला सावकाराच्या दारात जायच्या आधी हाताशी काही असावं.

हा निधी कसा वाटला जातो ते बघायला हवं. समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली, मधोमध लोखंडी पेटी आणि रजिस्टरं, गोल करून बसलेल्या बाया, मांडीवर लेकरं. आधी प्रार्थना, मग हजेरी, मग बचतीचे पैसे मोजणं. शेवटी विषय निघतो. अमक्या वस्तीवरच्या बाईचा नवरा अर्धांगानं पडलाय, नांदेडला नेलाय. एक म्हणते, तिनं मागचे दोन हप्ते चुकवलेत. दुसरी लगेच म्हणते, चुकवले म्हणूनच तर विचारायला पाहिजे होतं आपण. थोडी वादावादी होते. मग सचिव ठराव लिहिते, रक्कम, परत करायची मुदत, व्याज नाही. दोघी जणी जाऊन पैसे घरी पोचवायचं ठरतं. आणि एक जण आपणहून म्हणते, मी चार दिवस तिच्या म्हशीचं बघते. म्हशीचं काही रजिस्टरमध्ये लिहिलं जात नाही. रक्कम कुठल्याही योजनेपेक्षा लहान असते, पण ती त्या आठवड्यात मिळते, आणि कुणाला द्यायची हे त्या घराचं धुणं-भांडं माहीत असलेल्या बाया ठरवतात. पात्र-अपात्रचा असा जिवंत निवाडा मी दुसरीकडे पाहिला नाही.

याला खोटही आहे, ती सांगितली पाहिजे. सगळ्यांत अडचणीतली बाई बहुतेकदा गटातच नसते. दर आठवड्याची बचत तिला झेपत नाही, किंवा ती सहा महिने गावातच नसते. ऊसतोडीला गेलेली असते.

गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरून माणसं साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. फडाजवळ कोपी, त्यात चूल, त्यातच लेकरू. हा ‘कोयता’ शब्द नीट समजून घ्या, कारण उचल जोडीला मिळते. एकट्या पोराचा अर्धा कोयता होतो. मग पोराचं लवकर लग्न लावलं की कोयता पुरा होतो. तिकडे पोरीच्या आईबापाला वेगळी भीती असते. वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची आणि फडावर नेली तर कोपीला दार कुठं असतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांना त्यांच्या लग्नाचं वय विचारलं, तेव्हा परभणी जिल्ह्यात ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. त्यामागं फक्त अडाणीपणा बघणाऱ्यांनी एकदा कोपीत रात्र काढावी.

बालविवाह थांबवायची व्यवस्था आहे. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ वर फोन करता येतो, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते आणि तिचं कामकाज अंगणवाडीताई बघते. फोन गेला की गाडी येते, मांडव थांबतो, आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतात, मुलीला बालकल्याण समितीसमोर नेतात. पण दुसऱ्या दिवशी त्या घरात काय उरतं? आचाऱ्याचे, मांडववाल्याचे पैसे अंगावर, नात्यात तोंड दाखवायला जागा नाही, आणि मुलीवर सगळ्यांचा राग. तिथून पुढं अठरा पूर्ण होईपर्यंतची दोन-तीन वर्षं त्या घराला कुणी धरून ठेवायचं? पुन्हा तीच अंगणवाडीताई, तेच मास्तर, तोच ग्रामसंघ. मुलीचं नाव शाळेत टिकलं, ती वसतिगृहात गेली, आईला बालसंगोपन किंवा दुसरी एखादी मदत मिळाली, तरच हमीपत्राला अर्थ राहतो.

आईबाप फडावर गेल्यावर मुलांसाठी हंगामी वसतिगृह ही चांगली सोय आहे. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच ठिकाणी मुलं रात्री आजीकडे, चुलत्याकडे झोपतात आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीत मिळतं. मूल गावात राहतं, शाळेत राहतं, सोयऱ्यांच्या नजरेसमोर राहतं. खरं तर समाजाच्या आधारानं कुटुंब सांभाळण्याचं याहून सरळ उदाहरण दुसरं नाही. याच गंगाखेडची संत जनाबाई. परंपरा सांगते की आईवेगळ्या पोरीला बापानं पंढरपुरात दामाशेटींच्या घरी ठेवलं आणि ती तिथं दासी म्हणून वाढली. सातशे वर्षांपूर्वी आधार हवा असलेल्या लेकराला घर मिळालं ते कामाच्या बदल्यात. आज बालसंगोपनाच्या कागदावर मुलाकडून कुठलंच काम अपेक्षित नाही, हे मला फार मोठं अंतर चालून आल्यासारखं वाटतं. ते चालणं मध्येच थांबू नये, म्हणून ज्या आजीकडे मूल ठेवलंय तिच्या म्हातारपणाचंही बघावं लागतं. तिला निराधारचे पैसे वेळेवर मिळाले तर नातवाची भाजी नीट होते.

सगळी दारं एका ठिकाणी आणता येतात हेही आपण पाहिलं आहे. कोरोनानंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, ‘मिशन वात्सल्य’ सुरू झालं आणि तालुक्यातालुक्यात तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या गेल्या. वारसनोंद, रेशनकार्ड, निराधार, बालसंगोपन, सगळ्या खात्यांची माणसं एका टेबलाभोवती आणि समोर कोरोनात नवरा गमावलेल्या बायांची यादी. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या साथीदारांच्या एकल महिला पुनर्वसन समितीनं राज्यभर त्याचा पाठपुरावा केला. नेमकी हीच बैठक कुठल्याही कारणानं माणूस गमावलेल्या घरासाठी, आणि माणूस अजून हयात असताना अडचणीत आलेल्या घरासाठीही, दर महिन्याला झाली पाहिजे. तिच्यासाठी नवी योजना लागत नाही, नवं मंडळ लागत नाही. तारीख ठरलेली लागते.

आणि गावपातळीवर तिची सुरुवात भाद्रपदात व्हावी. पोळा झालेला असतो, उचल वाटून झालेली असते, ट्रक यायला अजून महिना-दीड महिना असतो. ग्रामसंघाच्या बैठकीत आशाताई, अंगणवाडीताई, मास्तर आणि पोलीस पाटील यांनी बसावं आणि दोनशे पानी वहीत आडव्या रेघा मारून लिहावं. यंदा कुठली घरं कोयत्याला निघाली. कुणाची लेकरं मागं राहणार, ती कुणाकडे जेवणार, कुणाकडे झोपणार. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली कोणकोणत्या. कोणत्या घरात वारसनोंद राहिली आहे. कुणाचा गटाचा हप्ता सलग तीनदा चुकला. कोण पारावर यायचं थांबलंय. प्रत्येक नावापुढं एक रकाना रिकामा ठेवावा, त्यात त्या घरी जाणाऱ्या बाईचं नाव आणि ती कुठल्या वारी जाणार ते लिहावं.